मोजणी व मोजणारे

सरकारी अहवालास वाङ्मय म्हणावे की नाही, हा वाद आम्ही येथे उकरून काढणार नाही. काव्य, कादंबरी व नाटक यांच्या परीक्षणांची सवय झालेल्या आमच्या वाचकांस ह्या पृष्ठांवर एका सांख्यिकी आयोगाच्या अहवालाचे नाव पाहून थोडे नवल वाटेल, आणि कदाचित पान उलटण्याचा मोहही होईल. त्यांस आमची एवढीच विनंती की, त्यांनी तो मोह पाचदहा मिनिटे आवरावा. कादंबरीत लेखक माणसे कल्पितो. खानेसुमारीत व पाहणीत सरकार माणसे मोजते. दोहोंतही खरा प्रश्न एकच असतो, तो म्हणजे समोरच्या माणसाचे म्हणणे लिहिणाराने नीट ऐकले की नाही. ह्या एका कसोटीवर आम्ही डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचा २००१ सालचा अहवाल पुन्हा वाचून काढला. पंचवीस वर्षांपूर्वीचा ग्रंथ आज परीक्षणास घेण्याचे कारण असे की, त्यातील पुष्कळशा गोष्टी अद्याप व्हावयाच्या आहेत, आणि ज्या गोष्टी झाल्या त्या ज्या रीतीने झाल्या ती रीत आम्हांस चिंताजनक वाटते.

अहवाल वाचण्याची बुद्धी आम्हांस रेवस येथे झाली. २०२४ सालच्या आरंभी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने तेथे गेलो होतो. रेवस म्हणजे धरमतरच्या खाडीच्या मुखाशी वसलेले अलिबाग तालुक्याचे उत्तरेकडील टोक. पलीकडे करंजा, अलीकडे बोडणीची कोळीवस्ती. पाहुणचार चालू असता अंगणात एक पदवीधर तरुण आला. त्याच्या हाती पाटीएवढे यंत्र होते व गळ्यात ओळखपत्र. तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कुटुंबखर्चाच्या फेरीवर असून आमच्या यजमानांचे शेजारघर नमुन्यात आले होते. घरच्या म्हातारबाईने आम्हां सर्वांसच ओटीवर बसवून घेतले, त्यामुळे ती सबंध मुलाखत आम्हांस ऐकावयास मिळाली.

तांदूळ, तेल, मीठ, मसाला इथवर सर्व सुरळीत चालले. मग मासळी आली. 'मावशी, गेल्या सात दिवसांत घरात मासे किती आले?' असे त्याने विचारले. म्हातारी हसू लागली. 'म्हावरा आमी इकत घेताव का रं, पोरा?' हा तिचा प्रतिप्रश्न. मुलगा गोंधळला नाही, ही त्याची तारीफ. विकत घेतलेले नसले तरी खाल्लेले आहे ना, मग ते लिहावे लागते, असे त्याने तिला समजावले. तेव्हा तिने सांगावयास सुरुवात केली: दोन दिवस बोंबील, एक दिवस मांदेलीचा वाटा, मुलगा होडीवर असतो त्याच्या हिश्श्याची थोडी कोळंबी, आणि शेजारणीने दिलेला जवळा. यंत्राला हवे होते वजन, आणि तेही किलोग्रॅममध्ये. म्हातारीचे माप वाटा. वाटा म्हणजे किती? सकाळचा की संध्याकाळचा, भरतीचा की ओहोटीचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाचा की परक्याचा? मुलाने शेवटी घरातले एक भांडे मागून घेतले, तिला हाताने दाखवावयास लावले, आणि अंदाज बांधला. त्यापुढे किमतीचा प्रश्न. घरच्या उत्पन्नातून खाल्लेल्या जिनसाची किंमत उत्पादकाला जो दर मिळाला असता त्या दराने धरावी, असा पाहणीचा दंडक आहे. मुलग्याच्या हिश्श्याची कोळंबी धक्क्यावर कोणत्या भावाने गेली, हे विचारण्यासाठी त्याला घरातील सुनेस हाक मारावी लागली. एका जिनसापायी वीस मिनिटे गेली असतील. पुन्हा त्याच घरी त्याला आणखी दोनदा यावयाचे होते, कारण २०२२-२३ पासून ह्या पाहणीचे प्रश्न तीन भेटींत विभागलेले आहेत.

ह्या वीस मिनिटांचे काय झाले असते, जर तो मुलगा घाईत असता? यंत्राने काही तक्रार केली नसती. कोऱ्या रकान्यात शून्य घातले तरी यंत्र पुढला प्रश्न दाखवते. फार तर ते एखादी शंका विचारते, आणि शंकेचे समाधान करणारा आकडा भरणे काही अवघड नाही. मग कोळ्याच्या घरात मासे खात नाहीत असा आकडा दिल्लीस गेला असता, आणि तो आकडा इतर सहस्रावधी घरांच्या आकड्यांत मिसळून शहाण्या लोकांच्या कोष्टकांत बसला असता. आकड्याचे खरेखोटेपण दिल्लीच्या दप्तरात ठरत नाही, ओटीवर ठरते. आमच्या ह्या लेखाचा सर्व भार ह्या एका गोष्टीवर आहे.

आता अहवालाकडे वळू. जानेवारी २००० मध्ये नेमलेल्या ह्या आयोगाने दोन खंडांत देशातील सर्व सांख्यिकी व्यवस्थेचा पंचनामा केला. भाषा कोरडी आहे, पण लपवाछपवीची नाही. आणि सरकारी कागदाच्या बाबतीत हा गुण दुर्मिळ होय. राज्याराज्यांतील प्रशासकीय आकड्यांची घसरण झाली आहे, शेतीचे, उद्योगाचे व व्यापाराचे आकडे उशिरा येतात व परस्परांशी जुळत नाहीत, असे आयोगाने स्वच्छ सांगितले. त्यातले पिकांच्या आकड्यांचे विवेचन आम्हांस सर्वोत्कृष्ट वाटले. पीकपाहणी तलाठ्याने करावयाची. परंतु तलाठ्यावर वसुलीपासून निवडणुकीपर्यंत इतकी कामे लादली गेली की, पीकपाहणी हे त्याचे शेवटचे काम होऊन बसले. आयोगाने त्यावर तलाठ्यास नुसता दोष दिला नाही. सर्व गावांची वाईट मोजणी करण्यापेक्षा पाचांपैकी एका गावाची चांगली मोजणी करावी व तिच्यावरच विसंबावे, हा त्याचा सल्ला. शितावरून भाताची परीक्षा आपल्या बायका रोज करतात. मात्र त्या आधी पळी फिरवून घेतात, हे विसरता कामा नये. नमुनाशास्त्राचे निम्मे मर्म ह्या पळी फिरवण्यात आहे, व उरलेले निम्मे शीत चेपणाऱ्या बोटांत.

तलाठ्याच्या बाबतीत दाखवलेली ही दृष्टी अहवालाच्या इतर भागांत मात्र तितकी टिकत नाही, हा आमचा पहिला आक्षेप. मनुष्यबळ व प्रशिक्षण यांचा विचार आयोगाने केलेला नाही, असे आम्ही म्हणत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. आयोग बोलतो तो वरून खाली: आयोगाची रचना, मुख्य संख्याशास्त्रज्ञाचे पद, मंत्रालये, राज्यांच्या संचालनालयांचा समन्वय. घरोघर जाणारा माणूस ह्या उतरंडीच्या तळाशी येतो. ग्रंथाच्या रचनेत जे तळाशी येते ते अंदाजपत्रकातही तळाशी येते, हा अनुभव कोणत्याही खात्यात काम केलेल्या गृहस्थास असेल.

येथे कुलाब्याच्या एका सुपुत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळील नाते येथला, घराणे रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, आणि १९५२ च्या निवडणुकीत ह्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे म्हणून आमच्या वाचकांस ते ठाऊक असतील. ते १९४५ पासून १९६४ पर्यंत भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कलकत्त्यास स्थापिलेली ही संस्था. ऑक्टोबर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी निघाली, १९५१ साली केंद्रीय सांख्यिकी संघटना उभी राहिली, तेव्हा देशाची थैली ज्याच्या हाती तोच गृहस्थ मोजणारांच्या संस्थेचा अध्यक्ष होता. साऱ्या देशातील साडेपाच लाखांवर खेड्यांमधून १,८३३ खेडी निवडली गेली. त्या कामात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचाही हात होता, आणि तिचे धनंजयराव गाडगीळ त्यापूर्वीच, १९४९ साली, राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबीस व व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या जोडीला बसले होते. त्या पहिल्या फेरीतील अन्वेषकांना पंधरा भाषांत प्रश्न विचारावे लागले, आणि शंभरांवर स्थानिक वजनेमापे पुढे आली. रेवसच्या म्हातारीचा वाटा हा त्यांचाच वंशज. म्हणजे पाऊणशे वर्षांत यंत्र आले, परंतु माप बदलले नाही.

त्या खर्चाचे फळ काय, असे विचारणाऱ्यास एकच उदाहरण पुरे. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हा आपला निबंध प्रसिद्ध केला, तो नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभा होता. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये व शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा. तिच्याखाली खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के व शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोक होते. त्यावर वाद झाले, आणि पोषणाच्या मोजमापाविषयी पांडुरंग सुखात्मे यांच्यासारख्या आपल्याच मराठी संख्याशास्त्रज्ञाने दांडेकरांशी दोन हात केले. परंतु तो वाद दोन मतांमधला नव्हता. दोन्ही बाजूंच्या पुढ्यात घरोघर जाऊन मिळविलेले आकडे होते. असा वाद ज्या देशात होऊ शकतो तो देश गरीब असला तरी दरिद्री नव्हे, असे आम्ही समजतो.

तथापि त्या सुवर्णकाळाचे गोडवे गाताना एक खोट दिसते, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. तो सारा डोलारा व्यक्तींच्या स्नेहावर उभा होता. नेहरूंचा विश्वास, महालनोबीस यांची धडाडी, देशमुखांची थैली! मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली देशमुखांनी मंत्रिपद सोडले, तेव्हा मोजणीच्या कामाचा अर्थखात्यातील जिव्हाळ्याचा माणूस गेला. त्याच्या जागी कायदा आला काय? सांख्यिकी संस्थेस १९५९ साली कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला, हे खरे. परंतु आकडे गोळा करणारी व प्रसिद्ध करणारी सरकारी यंत्रणा मंत्र्यांच्या इच्छेवरच राहिली. रंगराजन आयोगाने नेमके येथे बोट ठेवले, आणि हा त्याच्या अहवालाचा सर्वांत मोठा गुण. सरकारी आकड्यांवर देखरेख करणारा कायमचा आयोग असावा व त्यास कायद्याचे बळ असावे, अशी शिफारस त्याने केली. पुढे जून २००५ मध्ये सरकारी ठराव झाला, जुलै २००६ मध्ये आयोग बसला, व सुरेश तेंडुलकर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. ठराव मात्र ठरावच राहिला. कायदा झाला नाही. शिफारशीतील आत्मा बाजूस ठेवून देह तेवढा घेतला, असे आमचे मत आहे.

याचा परिणाम २०१९ साली दिसला. जानेवारीत आयोगाच्या दोन बिगरसरकारी सदस्यांनी राजीनामे दिले. आयोगाने मान्य केलेला २०१७-१८ चा रोजगारपाहणीचा अहवाल प्रसिद्ध होत नाही, ही त्यांची तक्रार होती. तो मे महिन्याच्या अखेरीस, निवडणुकीनंतर, बाहेर आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, २०१७-१८ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणीचे आकडे दर्जाच्या कारणास्तव प्रसिद्ध करावयाचे नाहीत, असे सरकारने ठरविले. ते आकडे सदोष असतील वा नसतील. आमचे म्हणणे असे की, सदोष आकडे दोषांसह प्रसिद्ध करून दोष दाखविणे हा शास्त्राचा मार्ग. पेटीत ठेवणे हा नव्हे. परिणामी २०११-१२ नंतर कुटुंबखर्चाचे पुढचे आकडे मिळाले ते २०२२-२३ चे. मधली अकरा वर्षे देशातील गरिबी किती वाढली वा घटली, याविषयी पंडितांनी तर्क लढवले. दांडेकर व सुखात्मे यांच्या वादापुढे त्या तर्कांची काय किंमत!

हे दुखणे आपल्याच देशाचे आहे, असे मात्र समजू नये. कॅनडाच्या सरकारने २०१० साली खानेसुमारीची विस्तृत प्रश्नावली ऐच्छिक केली, तेव्हा तेथल्या मुख्य संख्याशास्त्रज्ञाने राजीनामा दिला. २०१६ साली ती पुन्हा सक्तीची झाली. इंग्लंडचे उदाहरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते, कारण तेथे दोष हेतूचा नव्हता, काटकसरीचा होता. २००४ नंतर तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लंडनहून वेल्समधील न्यूपोर्ट येथे हलविण्यात आले. लंडनमधील जुनी, मुरलेली माणसे बहुतांशी तिकडे गेली नाहीत. पुढे श्रमिकांच्या पाहणीस उत्तरे देणारी कुटुंबे घटत घटत इतकी थोडी राहिली की, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या पाहणीचे आकडे काही काळ थांबवावे लागले. यंत्रे त्यांच्यापाशी होतीच, आणि आमच्यापेक्षा चांगली होती.

आपल्याकडे सध्या आधुनिकीकरण हा शब्द फार जोरात आहे, आणि त्यास आमचा विरोध नाही. मे २०१९ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना व नमुना पाहणी कार्यालय यांचे एकीकरण करून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करण्यात आले. रोजगारपाहणी २०१७ पासून कागदाऐवजी यंत्रावर होऊ लागली, आणि २०२५ पासून तिचे काही आकडे दरमहा मिळू लागले. पूर्वी कागदी तक्त्यांवरून आकडे काढण्यात वर्षेच्या वर्षे जात. ती आता जात नाहीत, हा लाभ लहान नव्हे. परंतु ही यंत्रे ज्यांच्या हाती दिली त्यांतील कितीतरी मुले कंत्राटावरची आहेत. यंत्र मंजूर करणे सोपे. त्याची पावती मिळते, उद्घाटन करता येते. मुरलेल्या अन्वेषकाची पावती कोण देणार? त्याला घडविण्यास पाचसात वर्षे लागतात, आणि तो घडला हे कळते तेही फक्त त्याच्या तपासनिसास.

खानेसुमारीचेही तेच. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता झालेली गणना २०२१ साली झाली नाही. आरंभी साथीचे कारण होते; साथ सरली तरी गणना पुढे पुढेच गेली. २०११ च्या गणनेत रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख ३४ हजार भरली, आणि त्यानंतरचा प्रत्येक हिशेब त्याच जुन्या पायावर चालला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य कितींना द्यावयाचे, तो सुमारे ८१ कोटींचा आकडाही २०११ च्याच लोकसंख्येवरून काढलेला. रेवसच्या धक्क्यावर २०१२ साली जन्मलेले पोर ठरल्याप्रमाणे गणना झाल्यास, १ मार्च २०२७ ह्या संदर्भदिवशी, चौदापंधरा वर्षांचे होऊन प्रथमच देशाच्या मोजणीत येईल. ह्या गणनेसाठी डिसेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ११,७१८ कोटी रुपये मंजूर केले. सुमारे तीस लाख माणसे कामास लागणार असून गणना यंत्रावर होणार आहे. रक्कम डोळे दिपविणारी वाटते खरी. परंतु देशातील सुमारे एकशेचाळीस कोटी लोकांत वाटली तर माणशी सुमारे चौऱ्याऐंशी रुपये पडतात. तेवढ्यात रेवसला मांदेलीचा एक बरा वाटाही येईल की नाही, याची आम्हांस शंका आहे. तेव्हा पैसा फार आहे, ही तक्रार कोणी करू नये. तो कोणाच्या हाती जातो व किती दिवस टिकतो, हे विचारावे. गणना संपली की गणक शाळेत परततो. नमुना पाहणी मात्र वर्षानुवर्षे चालावयाची असते, आणि तिच्या माणसास परतावयाला शाळा नसते.

कोळीवाड्याच्या बाबतीत तर माणसाची ही गरज अधिकच. येथले तरुण सहा दिवस मुंबईत, तर नाखवा व खलाशी कित्येक दिवस समुद्रावर. खलाशांत परप्रांतीयही असतात. जुन्या एकरात्रीच्या गणनेत बंदरातील होड्यागलबतांवरची माणसेही मोजीत, कारण मोजणाऱ्या साहेबास ठाऊक होते की, बंदराची वस्ती जमिनीवर संपत नाही. आजही हे ठाऊक असावयास हवे ते यंत्रास नव्हे, दारात उभ्या राहिलेल्या माणसास.

रंगराजन आयोगाचा अहवाल आमच्या पुरवण्यांसह सर्व सुशिक्षितांनी वाचावा, अशी शिफारस करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. तो कंटाळवाणा आहे, पण लबाड नाही. पुढच्या आयोगाने मात्र पहिले प्रकरण ओटीवर बसून लिहावे.

त्या दिवशी परतीच्या लाँचची वाट पाहत आम्ही धक्क्यावर उभे होतो, तेव्हा तो अन्वेषक पुन्हा भेटला. यंत्रातील माहिती वर पाठविण्यास जाळे मिळत नव्हते म्हणून तो यंत्र डोक्याइतके उंच धरून धक्क्याच्या टोकापर्यंत जात येत होता. फेरी कधी संपते, असे आम्ही विचारले. जुलैअखेर, तो म्हणाला, आणि आपले कंत्राटही तेव्हाच. वाटा म्हणजे सरासरी किती, हे त्याने घरोघरच्या भांड्यांवरून ताडून आपल्या एका छोट्या वहीत लिहून ठेवले होते, ते त्याने आम्हांस दाखविले. ही वही तू कार्यालयात देणार काय, असे विचारता तो म्हणाला, 'सर, ती मागितली कोणी नाही.' तेवढ्यात लाँच आली.